चकचकीत फरशी आणि ॲसिडची बाटली

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. वसुबारसेला दोन दिवस होते. दुपारी दवाखाना बंद करून मी जेवायला निघणार, तोच एक रिक्षा दारात येऊन थांबली. आतून एका बाईंनी हाताला धरून दुसऱ्या एका बाईंना उतरवले. उतरवणाऱ्या आमच्या जुन्या पेशंट, नोकरीतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. ज्यांना उतरवले त्या त्यांच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशी. मावशींचे डोळे लालभडक, नाकातून पाणी वाहते आहे, खोकल्याची उबळ थांबायचे नाव घेत नाही आणि दोन शब्द बोलायचे तर मध्ये श्वास घ्यावा लागतो आहे, अशी अवस्था.

"काय झालं?" म्हणून विचारले, तर शिक्षिकाबाई म्हणाल्या, "काही नाही हो डॉक्टर, बाथरूमची फरशी घासत होती."

फरशी घासण्याने माणूस असा होत नाही. खोदून विचारल्यावर सारे बाहेर आले. दिवाळीची साफसफाई काढलेली होती. बाथरूमच्या टाइल्सच्या सांध्यांत काळे साचले होते. आधी ॲसिड टाकून घासले. काळे गेले नाही. मग टाकीत टाकायला आणलेली ब्लीचिंग पावडर घरात होती, ती त्याच ओल्या फरशीवर भुरभुरली. खिडकी लहान, आणि वास घरभर नको म्हणून दार लोटून घेतलेले. दोन मिनिटांत मावशींचा घसा आवळल्यासारखा झाला. त्या कशाबशा दार उघडून बाहेर आल्या म्हणून पुढचे टळले.

मावशींना ऑक्सिजन लावला, वाफेतून औषध दिले, डोळे स्वच्छ पाण्याने पुनःपुन्हा धुतले. अशा वेळी छातीत नंतर पाणी होण्याची भीती असते म्हणून रात्रभर देखरेखीखाली राहण्यासाठी त्यांना सरकारी रुग्णालयात पाठवले. दुसऱ्या दिवशी त्या घरी गेल्या. पण दवाखान्यातून रुग्णालयात निघताना त्यांनी मला जे विचारले ते मी विसरलेलो नाही. "डाक्टरसाहेब, उद्याच्याला कामावर जाता येईल ना? दिवाळीचं आहे."

त्या दिवसापासून हा विषय या सदरात घ्यायचा असे मनात होते. आरोग्याच्या सदरात फरशी पुसण्याचे काय, असे काही वाचकांना वाटेल. पण गेल्या काही वर्षांत माझ्या दवाखान्यात जे येते त्यातले बरेचसे या चकचकीत फरशीवरून चालत येते, आणि काही वेळा या फरशीवरून घसरत येते, हे मी अनुभवाने सांगतो.

बाथरूममध्ये घडले काय?

ॲसिड म्हणून आपण जे आणतो ते बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असते. संडास साफ करण्याच्या तयार द्रावणात ते साधारण दहा टक्के असते, तर सुट्या विकल्या जाणाऱ्या तीव्र ॲसिडमध्ये तीस टक्क्यांच्या आसपास असू शकते. ब्लीचिंग पावडर किंवा कपडे पांढरे करण्याचे द्रावण यांत हायपोक्लोराइट असते. ही दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. हा वायू हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असल्यामुळे तो वर निघून जात नाही, खालीच साचतो, आणि फरशी घासणाऱ्या बाईचे नाक नेमके तिथेच असते. नाका-घशातल्या आणि फुप्फुसातल्या ओलाव्याशी त्याचा संबंध आला की तिथेच त्याचे पुन्हा आम्ल होते आणि आतला नाजूक पडदा भाजतो. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्याने शत्रूच्या खंदकांवर जो वायू सोडला होता तो हाच क्लोरीन. तिकडे तो सिलिंडरमधून सोडावा लागला, आपण तो आपल्याच हाताने आपल्याच न्हाणीघरात तयार करतो.

"पण दोन्ही वस्तू सफाईच्याच ना? मग दोन्ही मिळून जास्त सफाई होईल," हा आपला हिशेब. भाजीत मीठ आणि तिखट घालतो तसे आपण फिनाईल, ॲसिड, ब्लीच, अमोनिया असलेले काच पुसायचे द्रावण हे सगळे एका बादलीत घालतो. अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले तरी असाच घातक वायू सुटतो, त्याला क्लोरामाइन म्हणतात. म्हणून पहिला नियम पाठ करून ठेवा: सफाईची कोणतीही दोन द्रव्ये एकमेकांत मिसळायची नाहीत. एक वापरून झाले की भरपूर पाण्याने धुवायचे. दुसरे वापरायचेच असेल तर दुसऱ्या दिवशी.

फरशी बदलली, पद्धत तीच राहिली

आपल्या लहानपणी घरात काय होते ते आठवा. खेड्यात शेणाने सारवलेली जमीन. गावात थोडी बरी परिस्थिती असली की शहाबादी. शहाबाद आपल्या सोलापूर जिल्ह्याला लागून असलेल्या कलबुर्गी जिल्ह्यातले, त्यामुळे इकडच्या जुन्या वाड्यांत आणि शाळांत तीच फरशी. नंतर सिमेंटच्या रंगीत नक्षीच्या आणि मोझॅकच्या फरश्या आल्या, पाठोपाठ राजस्थानचा कोटा आला. आता मात्र तालुक्याच्या गावातल्या दोन खोल्यांच्या घरातही गुजरातेतल्या मोरबीहून आलेल्या मोठ्या मोठ्या टाइल्स दिसतात. आपण त्यांना सरसकट 'व्हिट्रिफाइड' म्हणतो. जगात इतरत्र याच जातीला पोर्सिलेन टाइल म्हणतात.

ही टाइल म्हणजे बारीक दळलेली पांढरी माती, फेल्स्पार आणि वाळूसारखी द्रव्ये प्रचंड दाबाखाली दाबून साधारण बाराशे अंश सेल्सिअसच्या आसपास भाजलेली वस्तू. इतक्या उष्णतेत तिच्या अंगातली छिद्रे जवळजवळ बुजतात. पाणी शोषण्याचे तिचे प्रमाण वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून अधिक असू नये, अशी या जातीची व्याख्याच आहे. साध्या भाषेत सांगायचे तर ही फरशी काचेच्या जवळची आहे. तिच्या अंगात घाण शिरत नाही. शिरते ती दोन टाइल्सच्या मधल्या सांध्यात. सांध्यात आपल्याकडे पांढरे सिमेंट नाहीतर रंगीत ग्राउट भरलेले असते. ते सच्छिद्र असते. साबणाचे पाणी, तेल, हळद, बोअरच्या पाण्यातले क्षार, सगळे ते पिऊन बसते. न्हाणीघरात ते कायम ओले राहते आणि मग त्यावर काळी बुरशी चढते.

आता ॲसिड काय करते ते पाहा. टाइलला ते फारसे काही करत नाही. पण सांध्यातले सिमेंट मुळात चुन्याच्या जातीचे. ॲसिड पडले की फसफसते आणि त्याचा वरचा थर विरघळतो. काळे गेलेले दिसते, कारण काळ्यासकट सिमेंटच गेलेले असते! सांधा खोल होतो, खरबरीत होतो, पुढच्या महिन्यात दुप्पट घाण धरतो. मग आणखी ॲसिड. दोन-चार दिवाळ्यांत सांध्यांची चाळण होते, पाणी खाली उतरते, खालच्या मजल्यावरच्या छताला ओल येते आणि शेजाऱ्यांशी भांडण सुरू होते. शहाबादी, कोटा आणि संगमरवराचे तुकडे घातलेली मोझॅक यांचे तर विचारूच नका. हे सगळे चुन्याचे दगड. त्यांच्यावर ॲसिड म्हणजे दगडाची झीजच. खात्री करायची असेल तर कोपऱ्यातल्या तुकड्यावर लिंबू पिळून पाहा. बुडबुडे आले तर त्या फरशीला कोणतेही आंबट द्रव्य लावू नये.

थोडक्यात, ज्या ॲसिडने आपली फुप्फुसे भाजतात, त्याच ॲसिडने आपली फरशीही बिघडते. मग ते घरात ठेवायचे तरी कशाला? माझे स्पष्ट मत असे, की फरशी धुण्यासाठी ॲसिडची बाटली घरात असण्याचे काहीही कारण नाही.

अपवाद एकच. नवी टाइल बसवल्यावर वर सिमेंटचा पांढरट थर राहतो, तो काढायला सौम्य आम्लाचे खास द्रावण मिळते. तेही सांधे पूर्ण सुकून पक्के झाल्यावर, सांधे आधी साध्या पाण्याने भिजवून, जाणत्या कारागिराकडून एकदाच वापरावे. मुक्कामाला आणलेला हा पाहुणा कायमचा घरात राहायला नको.

मग धुवायचे कशाने?

रोजच्या फरशीला कोरडा केर काढणे आणि साध्या पाण्यात घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसणे एवढे पुरते. हे ऐकून अनेक गृहिणींना चुकल्यासारखे वाटते. वास आला नाही तर स्वच्छता झाली असे वाटतच नाही! पण वास हा स्वच्छतेचा पुरावा नव्हे. आठवड्यातून एकदा बादलीभर कोमट पाण्यात भांडी घासायच्या सौम्य द्रावणाचे काही थेंब, अगदी चमचाभर, टाकून पुसावे आणि मग साध्या पाण्याने पुन्हा पुसून कोरडे करावे. जास्त साबण घातला तर तो जातच नाही. त्याचा पातळ थर टाइलवर बसतो, त्याने फरशी धुरकट दिसते आणि वर निसरडीही होते. "कितीही पुसले तरी फरशी मळकट दिसते" ही तक्रार बहुतेक घरांत मळाची नसते, साबणाची असते. फिनाईल जास्त घातल्यानेही हेच होते.

सांध्यांसाठी खाण्याचा सोडा थोड्या पाण्यात कालवून घट्टसर लगदा करावा, सांध्यांवर लावून दहा मिनिटे ठेवावा, आणि जुन्या दात घासायच्या ब्रशने किंवा नायलॉनच्या ब्रशने घासून धुवावे. लोखंडी तारेची घासणी वापरू नये. तिचे कण सांध्यात अडकून गंजतात आणि मग तांबूस डाग पडतात. बोअरच्या पाण्याच्या पांढऱ्या क्षारांसाठी पाणी घालून पातळ केलेला व्हिनेगर फक्त टाइलच्या पृष्ठभागावर लावावा, दोन-चार मिनिटांत धुवावा, आणि सांध्यांवर मुरत ठेवू नये.

बुरशी खूपच असेल तर ब्लीचचे द्रावण चालते. बाजारातले पाच टक्क्यांच्या आसपासचे द्रावण एक भाग आणि थंड पाणी दहा भाग असे मिश्रण पुरे. पण ते एकटेच वापरावे, खिडकी-दार उघडे ठेवून, हातमोजे घालून, आणि त्या दिवशी त्या फरशीवर दुसरे काही न टाकता. दम्याच्या रुग्णाने हे काम करू नये आणि ते चालू असताना जवळही थांबू नये. बुरशी काढायचीच, यात शंका नाही. न्हाणीघरातल्या बुरशीचे बारीक कण दमेकऱ्यांना त्रास देतात. पण दमा वाचवण्यासाठी दमा वाढवणारे औषध वापरायचे नाही.

सांधे बंद करणे म्हणजे काय?

घासून साफ केलेला सांधा पुन्हा काळा होतो, कारण तो पुन्हा पाणी पितो. त्याला पाणी पिऊ द्यायचे नाही, एवढाच 'सीलर' या वस्तूचा अर्थ. शहरांत हे बरेच वर्षे चालू आहे, आता आपल्याकडच्या टाइल्सच्या दुकानांतही मिळू लागले आहे. मात्र दुकानदार सांगेल ते सगळे घेऊ नका. चकाकीचा थर दिलेल्या पोर्सिलेन टाइलला स्वतःला सीलर लागत नाही. जी वस्तू पाणीच पीत नाही तिच्या तोंडाला कुलूप कशाला? वर लावलेला थर तिला धरत नाही, काही दिवसांनी पापुद्रे सुटतात आणि ओल्या पायाखाली त्याची घसरगुंडी होते. काही बिनथराच्या, नुसत्या घासून पॉलिश केलेल्या टाइल्समध्ये मात्र पॉलिशमुळे सूक्ष्म छिद्रे उघडी पडतात, त्यांना आत मुरणारा सीलर लागू शकतो. ओळखायची युक्ती सोपी: टाइलवर पाण्याचा थेंब टाकून काही मिनिटे थांबा. थेंब तसाच राहिला आणि खाली डाग उमटला नाही तर टाइलला काही नको.

हीच परीक्षा सांध्याला घ्या. थेंब मुरला आणि सांधा गडद झाला, तर त्याला सीलरची गरज आहे. सांध्यात इपॉक्सी ग्राउट भरलेले असेल तर तेही मुळातच पाणी पीत नाही, त्याला हे सोपस्कार नकोत. न्हाणीघर नव्याने करत असाल तर थोडा जास्त खर्च करून सांध्यांत इपॉक्सी भरून घ्या, असे मी सुचवीन.

लावण्याची रीत अशी. सांधा नवा असेल तर डब्यावर लिहिलेली मुदत जाऊ द्यावी. काहींना आठवडा लागतो, काहींना तीन-चार आठवडे. जुना असेल तर वर सांगितल्याप्रमाणे घासून, धुऊन, पंखा लावून एक-दोन दिवस पूर्ण वाळू द्यावा. ओल्या सांध्यावर सीलर लावणे म्हणजे ओल आत कोंडणे. मग लहान ब्रशने सीलर फक्त सांध्यावर ओढावा. टाइलवर सांडलेला पाच-दहा मिनिटांत कोरड्या फडक्याने पुसून काढावा, वाळला की निघत नाही. डब्यावर सांगितले असेल तर दुसरा हात द्यावा. एक दिवस पाणी लागू देऊ नये. शेवटी थेंबाची परीक्षा पुन्हा घ्यावी: थेंब मोत्यासारखा उभा राहिला की काम झाले. न्हाणीघरात वर्षा-दोन वर्षांनी हे पुन्हा करावे लागते.

डॉक्टर म्हणून यात माझी एक अट आहे. सीलर दोन जातींचे असतात. एक पाण्यातला, दुसरा पेट्रोलसारख्या वासाच्या द्रावकातला. घरात शक्यतो पाण्यातलाच वापरा. द्रावकातल्याची वाफ डोके दुखवते, चक्कर आणते, आणि ती पेट घेते. देवघरातली समई, उदबत्ती, स्वयंपाकघरातला गॅस आणि न्हाणीघरातला गॅसचा गीझर, सगळे बंद असले पाहिजे. घरात तान्हे मूल, गरोदर बाई किंवा दमेकरी असेल तर ते काम त्यांना दुसरीकडे पाठवून करावे.

आरशावरून घसरलेली आई

इथवर इतरांचे सांगितले. आता स्वतःचे सांगतो.

बारा वर्षांपूर्वी आम्ही जुने घर दुरुस्त केले. शहाबादी काढली आणि पांढऱ्या शुभ्र, आरशासारख्या टाइल्स बसवल्या. न्हाणीघरातही त्याच, एकसारखे दिसावे म्हणून. आई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची. पहिल्या दिवशी उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "अरे, ह्या आरशावर पाय कुठं ठेवायचा?" आम्ही हसलो. मी, ज्याने जन्मभर लोकांच्या घरच्या म्हाताऱ्यांना जपून चाला म्हणून सांगितले, तो मीही हसलो. आठ महिन्यांनी भल्या पहाटे, नुकत्याच पुसलेल्या ओल्या फरशीवर तिचा पाय सरकला. खुब्यात मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, हाड जुळले, पण आईच्या मनात भीती बसली ती बसलीच. स्वतःहून मागच्या दारी तुळशीला पाणी घालायला जाणारी बाई त्यानंतर हात धरल्याशिवाय खोलीबाहेर आली नाही. दोन वर्षांनी ती गेली. मृत्यूचे कारण कागदावर वेगळे आहे. माझ्या मनात ते कारण त्या टाइल्स निवडणाऱ्या माझ्या हौसेपाशी येऊन थांबते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडण्यामुळे मरतात. अपघाती इजांनी होणाऱ्या मृत्यूंत रस्त्यावरच्या अपघातांनंतर पडण्याचाच क्रमांक लागतो, आणि त्यात साठीच्या पुढची माणसे सर्वांत जास्त. रस्त्यावरच्या अपघाताला आपण घाबरतो, हेल्मेटवर वाद घालतो. घरातल्या न्हाणीघराला कोणी घाबरत नाही.

म्हणून न्हाणीघर, संडास, मोरी आणि मागचे अंगण इथे चकाकीची टाइल बसवू नका. खरबरीत, बिनचकाकीची घ्या. दुकानात टाइलच्या घसरटपणाचा आकडा विचारा. 'आर' अक्षरापुढे नऊ ते तेरा असे आकडे असतात. आकडा जितका मोठा तितका पाय पक्का. नऊ आकड्याची ओल्या जागी बसवू नये. चकचकीत टाइल बसवून झालीच असेल तर फरशी पुसायची वेळ बदला. वडीलधारी मंडळी झोपेतून उठायच्या वेळी ती ओली नसावी. संडासाशेजारी आणि नळापाशी भिंतीत पक्की मूठ बसवा, खाली रबरी पायपुसणे घाला, रात्री एक मंद दिवा जळत ठेवा. चकाकीसाठी फरशीला मेण किंवा तेलकट पॉलिश लावणे तर आजच बंद करा.

बाटली, मुले आणि कायदा

१८ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर बंधने घातली. विकणाऱ्याने नोंदवही ठेवायची, घेणाऱ्याचे ओळखपत्र पाहायचे, कारण लिहून घ्यायचे, अठरा वर्षांखालच्या मुलाला विकायचे नाही. हा आदेश ॲसिड हल्ल्यांच्या संदर्भात झाला, पण तो घरांनाही लागू पडणारा शहाणपणा आहे. आपल्या गल्लीत सायकलवर बाटल्या लटकवून "ॲसिड, फिनाईल" ओरडत येणारा ना नाव विचारतो ना वय. आणि त्याच्याकडून आपण ते कशात घेतो? पाण्याच्या नाहीतर सरबताच्या रिकाम्या बाटलीत! खेळून आलेले तहानलेले पोर बाटली पाहते आणि तोंडाला लावते. त्याची भाजलेली अन्ननलिका मी पाहिली आहे. मोठी झालेली ती मुलगी अजून घन पदार्थ जपून गिळते.

गंज काढायच्या काही द्रावणांत हायड्रोफ्लुओरिक ॲसिड असते. ते काचेला आणि टाइलच्या चकाकीलाही खाते. कातडीतून आत जाऊन रक्तातले कॅल्शियम उतरवते आणि हृदय बंद पाडू शकते. लेबल नसलेले कोणतेही द्रावण म्हणूनच घरात घेऊ नका.

तरीही अपघात झालाच तर एवढे लक्षात ठेवा. वायूचा वास आला की सगळे तिथेच टाकून आधी मोकळ्या हवेत या, फरशी धुवायला पुन्हा आत जाऊ नका. रुग्णाला आडवे न करता बसते ठेवा. दम लागत असेल, छाती भरून येत असेल तर १०८ ला फोन करा. बरे वाटले तरी एक दिवस लक्ष ठेवा, कारण त्रास काही तासांनीही वाढतो. अंगावर किंवा डोळ्यांत ॲसिड गेले तर वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटे धरा. हळद, तूप, टूथपेस्ट काही लावू नका. पोटात गेले तर चूळ भरायला लावा आणि रुग्णालय गाठा. उलटी करवू नका. जे जाताना भाजते ते येताना पुन्हा भाजते. बाटली बरोबर आणा.

मावशींचे काय?

नॉर्वेमधल्या बर्गेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. युरोपातल्या सहा हजारांहून अधिक लोकांची फुप्फुसे त्यांनी सुमारे वीस वर्षांच्या अंतराने तपासली होती. ज्या स्त्रिया घरात किंवा नोकरी म्हणून सफाई करत होत्या त्यांच्या फुप्फुसांची ताकद सफाई न करणाऱ्या स्त्रियांपेक्षा अधिक वेगाने घटलेली आढळली. तिकडे तरी बाटलीवर लेबल असते. आपल्याकडे चार घरची फरशी घासणाऱ्या बाईच्या वाट्याला चार घरची चार प्रकारची द्रव्ये येतात, हातमोजे कुणाकडेच नसतात, आणि खोकला झाला तर "थंडी बाधली असेल" म्हणून तो तिच्याच माथी मारला जातो.

आपली फरशी चकाकावी म्हणून दुसऱ्याची छाती भाजावी, हे कोणत्या स्वच्छतेत बसते? लक्ष्मी घरात येते ती चकचकीत फरशी पाहून, असे मानणाऱ्यांनी एवढा विचार करावा, की ती येते त्याच दारातून सकाळी कामाला येणारी बाईही येते. तिच्यासाठी रबरी हातमोज्यांचा एक जोड, लांब दांड्याचा ब्रश आणि उघडी खिडकी, एवढे तर आपल्याला परवडते. आणि ती आजारी पडली तर त्या दिवसांचा पगार कापायचा नाही, हेही परवडले पाहिजे.

त्या शिक्षिकाबाई पंधरा दिवसांनी पुन्हा आल्या, रक्तदाब तपासायला. मी मुद्दाम काही विचारले नाही. त्याच म्हणाल्या, "डॉक्टर, ॲसिडची बाटली फेकून दिली." मी घाबरून विचारले, "कुठं फेकलीत?" कारण गटारात ओतली असेल तर तिथे ब्लीचिंग पावडर पडलेली असायची! त्या हसल्या. म्हणाल्या, "फेकली म्हणजे मावशींनी ती दुकानदाराला परत नेऊन दिली. तिलाच हौस होती." सांधे आता सोड्याने घासतात, मावशी खिडकी उघडल्याशिवाय ब्रश हातात घेत नाहीत. सांधे थोडे पिवळट राहिलेत म्हणे.

राहू देत. पिवळट सांध्याने आजवर कुणाचा जीव घेतलेला मी पाहिला नाही.